जबोटिकाबा पिवळा पडला? आधी कूलरची जाळी बघा

दर्यापूरकडच्या एका ताईंनी विचारलंय की दोन वर्षांआधी त्यांनी प्रदर्शनातून जबोटिकाबाचं, म्हणजे खोडावर फळ लागणाऱ्या ब्राझीलच्या झाडाचं रोप आणलं, अंगणात दीड-दोन फुटाचा खड्डा करून शेणखत टाकून लावलं, बोअरचं पाणी रोज देतात, पण झाड दोन फुटाच्या वर जायला तयार नाही. नवी पानं पिवळी निघतात, जुन्या पानांचे शेंडे आणि कडा करपतात. कृषी केंद्रवाल्यानं फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचं खत दिलं, ते तीनदा टाकून झालं, फरक नाही. कोणी म्हणतं ऊन जास्त होतंय, कोणी म्हणतं पाणी जास्त होतंय, आणि सासूबाई म्हणतात उपटून फेक अन् लिंबू लाव.

ताई, सासूबाईंना सांगा की तुमच्या त्या जागेवर लिंबूही रडलंच असतं. ऊन हे कारण आहे पण तिसऱ्या नंबरचं. पहिलं कारण तुमचं पाणी, दुसरं तुमची माती, आणि हे दोन्ही नीट केल्याशिवाय बाकी काहीही करा, ते झाड तुमच्या डोळ्यासमोर वर्षभर मरत राहणार. जबोटिकाबा पटकन मरत नाही हाच त्याचा त्रास आहे, माणसाला वाटतं अजून काहीतरी टाकून बघू.

मी वरूड तालुक्यातला, संत्र्याचा माणूस. घरामागं आज जबोटिकाबाची तीन झाडं आहेत, पण त्याआधी दोन मारलेली आहेत आणि तुमचं झाड नेमकं त्याच रस्त्यानं चाललंय, म्हणून आधी ते सांगतो.

हे झाड मूळचं ब्राझीलचं, तिथल्या आग्नेय भागातलं, मिनास जेराइस आणि साओ पाउलोकडचं. मिनास जेराइसमध्ये सबारा म्हणून गाव आहे, तिथं या फळाचा दरवर्षी उत्सव भरतो आणि लोक हंगामात परसातलं झाड भाड्यानं देतात म्हणे, म्हणजे पैसे द्या अन् झाडाखाली बसून पोटभर खा. आपल्याकडं संत्र्याची बाग व्यापाऱ्याला देतात तसंच, फक्त इथं गिऱ्हाईक स्वतःच खाणारं. फळ खोडावर लागतं, थेट सालीला चिकटून, फणसासारखं किंवा उंबरासारखं. काळंजांभळं, मोठ्या द्राक्षाएवढं, आत पांढरा लिबलिबीत गर आणि एक ते चार बिया. चव द्राक्ष आणि लिचीच्या मधली, साल मात्र तुरट. फळ काढल्यावर तीन-चार दिवसात आंबायला लागतं म्हणून बाजारात दिसत नाही, ज्याला खायचं त्यानं घरीच लावावं लागतं.

आता हे जांभळाच्या कुळातलं झाड. पेरू, जांभूळ, लवंग, निलगिरी सगळे याचे भाऊबंद. मला हे कुठंतरी वाचून कळलं आणि तिथंच घात झाला, कारण मी विचार केला की जांभूळ आपल्या नाल्याकाठी कोणी न लावता वाढतं, पाण्यात उभं राहतं, उन्हात उभं राहतं, मंग हा त्याचा ब्राझीलचा भाऊ का नाही वाढणार. म्हणून पहिलं रोप सरळ वावरात नेऊन धुऱ्याजवळ लावलं. तीन बाय तीनचा खड्डा, चार टोपले शेणखत, वरून सुपर फॉस्फेट, जसं संत्र्याला करतो तसं. पावसाळाभर झाड छान होतं. दिवाळीनंतर नवी पालवी पिवळी आली, शिरा हिरव्या अन् मधली जागा पिवळी. संत्रावाल्याला हे सांगावं लागत नाही, केवडा पडला. फेरस सल्फेट टाकलं. जानेवारीत पालवी जवळपास पांढरी निघाली. मार्चमध्ये मी वर हिरवी नेट बांधली कारण मला वाटलं ऊन. मे महिन्यात, नवतपा (मेअखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस) लागायच्या आधीच, गेलं. मी सगळ्यांना सांगितलं की विदर्भाच्या उन्हानं मारलं. सगळ्यांना पटलंही, कारण आपल्याकडं काहीही मेलं तर ऊन हे कारण कोणीही मान्य करतं.

दुसरं रोप मी शहाण्यासारखं कुंडीत लावलं. पण कुंडी घेतली सिमेंटची, माती आणली नर्सरीतली लाल, आणि पाणी तेच बोअरचं. वरून आमची आई रोज चुलीतली राख त्यात टाकायची, कारण राख झाडाला चांगली हे तिनं तिच्या आईकडून ऐकलेलं. ते झाड अडीच वर्षं जगलं आणि अडीच वर्षात एक वीतभर वाढलं.

आणि मंग एका मार्चमध्ये कूलर काढला. तुमच्या घरी असेलच, कूलर नाही असं घर विदर्भात सापडणं कठीण. मागच्या उन्हाळ्याची वुडवूलची जाळी तशीच राहून गेली होती, ती काढली तर पापडासारखी कडक, वर पांढरा थर. तो थर मी खरवडला आणि सहज त्यावर लिंबू पिळलं. फस्स करून फेस आला. मंग उठून त्या सिमेंटच्या कुंडीच्या काठावरचा पांढरा थर खरवडला, त्यावरही लिंबू पिळलं. तसाच फेस. म्हणजे मी झाडाला अडीच वर्षं रोज थोडा थोडा चुना खाऊ घालत होतो.

होतं असं. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट विरघळलेलं असतं, कॅल्शियम-मॅग्नेशियमसोबत. पाणी उडून जातं, हे मागं राहतं, त्याचा चुना होतो आणि मातीचा सामू म्हणजे पीएच हळूहळू आठच्या वर सरकतो. जबोटिकाबाला पाहिजे साडेपाच ते साडेसहा, म्हणजे आंबट माती. आपल्या काळ्या मातीचा मुळातच साडेसात ते साडेआठ, त्यात चुनखडीचे खडे. या सामूवर मातीतलं लोह मुळाला उचलता येत नाही. लोह कमी असतं असं नाही बरं का, काळ्या मातीत लोह भरपूर आहे, कणगी भरलेली आहे पण तिचं तोंड लिंपून टाकलंय. तुम्ही वरून टाकलेलं फेरस सल्फेट त्याच चुन्यात पडतं आणि थोड्या दिवसात गंजासारखं होऊन बसतं, ते पण कणगीत जमा. म्हणून तीनदा टाकून फरक पडला नाही. कृषी केंद्रवाल्याचं औषध चूक नव्हतं, माती त्याला काम करू देत नव्हती.

जांभूळ आणि पेरू हे सहन करतात, जबोटिकाबा नाही करत. कुळ एक असलं म्हणून स्वभाव एक नसतो, आमच्या घरातही तसंच आहे.

कोणी सांगेल गंधक टाका, सामू उतरतो. उतरतो, पण हिशोब करून बघा. एक किलो चुना संपवायला साधारण ३२० ग्रॅम गंधक लागतं. तीन बाय तीन बाय तीन फुटाच्या खड्ड्यात अंदाजे एक टन माती धरा, तिच्यात ५ टक्के मुक्त चुना असेल तर तो झाला ५० किलो, म्हणजे १६ किलो गंधक एका खड्ड्याला, आणि ते पण जिवाणूंनी ओलीत महिनोन्‌महिने बसून आंबट करायचं. तोवर बाजूच्या मातीतून आणि तुमच्या पाण्यातून नवा चुना येतच राहणार. ५ टक्के हा काही फार मोठा आकडा नाही, आपल्याकडं याच्यापेक्षा जास्त चुन्याची वावरं कितीतरी आहेत. मातीत चुना किती हे घरीच बघायचं तर मूठभर कोरडी माती घ्या, त्यावर व्हिनेगर किंवा लिंबू टाका, चुरचुर आवाज किंवा फेस आला तर तिथं जबोटिकाबा जमिनीत लावायचा विषय बंद. आकडाच पाहिजे असेल तर माती परीक्षण करून घ्या, कृषी विद्यापीठ अकोल्याला आहेच, सामू, ईसी म्हणजे क्षारांचं माप, आणि मुक्त चुना तिन्ही मागा, नुसता एनपीके घेऊन काही कामाचं नाही.

आता ताई, तुमच्या झाडाला एक नाही दोन दुखणी आहेत आणि हे मी मुद्दाम वेगळं सांगतो कारण लोक दोन्हीला एकच औषध देतात. नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या, हे चुन्याचं दुखणं. जुन्या पानांचे शेंडे आणि कडा तपकिरी होऊन करपणं हे मिठाचं दुखणं. दर्यापूर म्हणजे खारपाण पट्टा, पूर्णेच्या खोऱ्यातला, तिथलं जमिनीखालचं पाणी खारं आहे हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही, प्यायला कोणी वापरत नाही ते झाडाला मात्र बिनदिक्कत देतात. चुन्याचं दुखणं पाण्यात आंबट टाकून बरं होतं. मिठाचं होत नाही. पाण्यातलं सोडियम आणि क्लोराईड लिंबूसत्त्व टाकून कुठं जात नाही, तिथंच राहतं. त्याला उपाय एकच, दुसरं पाणी. आमच्या वरुडाकडं बोअरचं पाणी जड आहे पण खारं नाही, म्हणून मी आंबट करून भागवतो. तुम्ही तसं करू नका, तुम्ही पावसाचं पाणी साठवा.

हे ऐकलं की लोक हसतात, पावसाचं पाणी उन्हाळ्यापर्यंत कोण साठवणार. साठवायला लागतं किती ते तर बघा. १० बाय १० फुटाचं टिन असेल गोठ्यावर किंवा मागच्या शेडवर, तर एक इंच पाऊस पडला की त्यावरून २०० लिटरच्या वर पाणी येतं. म्हणजे एका चांगल्या झडीत एक निळा ड्रम भरला. मोठ्या कुंडीतल्या झाडाला भर उन्हाळ्यात दिवसाला पाच-सहा लिटर लागतं, फेब्रुवारी ते मृग असे चार महिने धरले तर सातशे-साडेसातशे लिटर. चार ड्रम. पावसाळ्यात झाडाला वरूनच पाणी मिळतं, हिवाळ्यात लागतं त्याच्या निम्म्याहून कमी, त्याला अजून दोन ड्रम. सहा ड्रम ठेवायला जागा नाही असं खेड्यातलं घर मला दाखवा. पहिल्या दोन पावसाचं पाणी सोडून द्या, टिनावरची धूळ, पक्ष्यांची घाण त्यात येते. ड्रमच्या तोंडाला जुन्या धोतराचं कापड बांधून वरून झाकण, नाही तं डासांची शेती होईल आणि गावात डेंग्यू तुमच्या नावावर लागेल. ड्रम सावलीत ठेवा म्हणजे शेवाळ कमी होतं.

स्प्लिट एसी असेल तर त्याच्या नळीतून ठिबकणारं पाणी पण चालतं, ते हवेतलं पाणी आहे, त्यात क्षार नाही. पण कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी आणि आरओ मशीनचं फेकायचं पाणी चुकूनही देऊ नका, त्यात तोच क्षार आणखी घट्ट झालेला असतो. मी बघितलंय लोक मोठ्या कौतुकानं आरओचं पाणी बादलीत धरून झाडाला टाकतात, पाणी वाचवतोय म्हणून. तुळशीला चालेल, याला नाही.

ज्यांचं पाणी खारं नाही पण जड आहे, म्हणजे वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड, तिकडच्या लोकांसाठी माझी पद्धत. किराण्यात लिंबूसत्त्व मिळतं, सायट्रिक ॲसिड. १५ लिटरच्या बादलीला साधारण ५ ग्रॅम, सपाट एक चहाचा चमचा, विरघळवायचं, अर्धा तास ठेवायचं, मंग पीएचच्या पट्टीनं बघायचं, सहा-साडेसहा आलं पाहिजे. तुमच्या पाण्याला कमी-जास्त लागेल, पट्टी बघूनच ठरवा, माझा चमचा तुमच्या पाण्याला लागू होईलच असं नाही. पाच महिने बोअर अन् लिंबूसत्त्व, बाकी पावसाचं पाणी, असं माझं चालतं. एका भाऊनं बॅटरीचं ॲसिड टाकलं होतं, स्वस्त पडतं म्हणून. त्याचं झाड गेलं ते गेलं, पायाच्या बोटालाही पट्टी बांधून फिरत होता. असले धंदे करू नका.

टीडीएस मीटर घ्या एक, पाण्यात विरघळलेले क्षार किती ते दाखवतो, दोन-तीनशे रुपयात येतो. माझ्या बोअरचं ६८० दाखवतं, ड्रममधल्या पावसाच्या पाण्याचं ३० च्या आत. तुमच्याकडचं किती निघतं ते एकदा बघाच, मंग कोणी सांगायची गरज राहणार नाही.

आता झाड हलवायचं. घाई करू नका, उन्हाळ्यात हलवलं तर जे अर्धं मेलंय ते पूर्ण मरेल. मृग लागून दोन-तीन चांगले पाऊस होऊ द्या, हवा थंड झाली की ढगाळ दिवशी संध्याकाळी काढा. याची मुळं वरच्या वर, जाळीसारखी पसरलेली असतात, खाली सोटमुळ्याच्या मागं खणत बसू नका, बाजूनं रुंद घ्या. मुळाभोवतीची काळी माती पावसाच्या पाण्याच्या बादलीत हळूहळू विसळून जेवढी निघेल तेवढी काढा, सगळी काढायच्या नादात बारीक मुळं तोडू नका. तोवर उन्हाळाभर काय करायचं, तर जमेल तेवढं चांगलं पाणी द्या आणि दुपारची सावली करा, बाकी खत, औषध, टॉनिक सगळं बंद.

कुंडी सिमेंटची नको, सिमेंटमधूनच चुना सुटतो. २०० लिटरचा प्लास्टिकचा ड्रम अर्धा कापला की दोन कुंड्या होतात, रुंद आणि उथळ, या झाडाला तसंच पाहिजे. औषधाचा, केमिकलचा ड्रम घेऊ नका, खाण्याच्या तेलाचा किंवा सरबताचा बघा. खाली आठ-दहा भोकं. पांढऱ्या चुन्यानं बाहेरून रंगवा, तेवढाच चुना या कामात उपयोगाचा, निळा ड्रम उन्हात आतून भट्टी होतो आणि मुळं भाजतात. किंवा बारदाना गुंडाळून टाका.

भरायला काळी माती एक मूठ पण नको. धुतलेलं कोकोपीट तीन भाग, पालापाचोळ्याचं कुजलेलं खत तीन भाग, रेती किंवा धानाचं तूस दोन भाग, गांडूळखत एकच भाग, आणि दोन मुठी निंबोळी पेंड. कोकोपीट धुतलेलं म्हणजे घरी धुतलेलं, पाकिटावर काहीही लिहिलेलं असू दे, दोन-तीन पाण्यातून काढा कारण त्यातही मीठ असतं. पालापाचोळ्यासाठी साग उत्तम, पानं मोठी, गोळा करायला सोपी, एक पावसाळा पोत्यात भरून ओली ठेवली की काळीभोर होतात. रेतीवर आधी लिंबू पिळून बघा, फेस आला तर घेऊ नका. तूस न जाळलेलं घ्या. राख, हाडांचा चुरा, अंड्याची टरफलं, चुना, यातलं काही नको, सगळं उलट दिशेला नेणारं आहे. शेणखत जास्त नको, तुम्ही खड्ड्यात टाकलं होतं त्यातही मीठ असतं, तुमच्या खाऱ्या पाण्यात त्याची भर पडली.

गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याचा पूर्वेकडचा भाग, तिकडच्या धानपट्ट्यातल्या लोकांनी हे सगळं वाचून घाबरू नये. तुमच्याकडं बऱ्याच ठिकाणी माती लाल-पिवळी, थोडी आंबट नाही तं मध्यम, पाऊसही आमच्यापेक्षा जास्त. तुम्ही लिंबू पिळून बघा, फेस नाही आला तर खुशाल जमिनीत लावा. आम्ही ड्रम-ड्रम खेळतो कारण आमचा इलाज नाही.

लोहाचं आता. ड्रममध्ये नवीन भर घातल्यावर आणि पाणी बदलल्यावर पुढची पालवी आपोआप सुधारते, पण तुमचं झाड फार थकलेलं आहे म्हणून एकदा आधार द्या. चिलेटेड लोह मागा, पण पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेलं बघून घ्या, लालसर तपकिरी दाणे असतात, पाण्यात टाकलं की रक्तासारखा रंग होतो आणि हाताला डाग पडतात. ईडीटीए स्वस्त मिळतं पण ते साडेसहाच्या वरच्या सामूला टिकत नाही, म्हणजे जिथं गरज आहे तिथंच ते हात टेकतं. अर्ध्या ड्रमला २-३ ग्रॅम, पाण्यात विरघळवून मुळाशी, दोन महिन्यांनी पुन्हा. जी पानं पिवळी झाली ती पूर्ण हिरवी होतीलच असं नाही, तुम्ही नवी पालवी बघा. ती आधी गुलाबी-लालसर निघते, ते दुखणं नाही, तो तिचा रंगच आहे. मला पहिल्या वर्षी ते बघून पण धसका बसला होता.

खत म्हणाल तर थोडं थोडं. अमोनियम सल्फेट या झाडाला मानवतं कारण ते मातीला आंबटाकडं नेतं, १० लिटर पाण्यात ५-७ ग्रॅम, महिन्यातून एकदा, पावसाळा आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला. मार्च ते मे काही नाही. डीएपी टाकू नका, फॉस्फरस जास्त झालं की लोह पुन्हा अडकतं.

ऊन. सकाळचं दहा-अकरापर्यंतचं ऊन द्या, पश्चिमेचं कापा. आमची तीन झाडं घराच्या पूर्वेला आहेत, मार्च ते मृग वर ५० टक्क्याची नेट आणि पश्चिमेच्या बाजूनं बांबूचा तट्टा उभा. कारण पारा ४५-४६ ला गेला की नुसतं ऊन नाही, ती गरम कोरडी हवा पानातलं पाणी ओढून घेते, मूळ कितीही ओलं असलं तरी. नवतप्यात तट्ट्यावर संध्याकाळी पाणी मारतो. नेट फार खाली बांधू नका, पानाला चिकटली तर तिथंच करपतं. थंडीची काळजी नको, आपल्या डिसेंबरला हे झाड घाबरत नाही.

पाणी तोडू नका. हे झाड एखाद दिवस पाण्यात उभं राहील पण एकदा का कुंडी खडखडीत सुकली की अर्धी पानं टाकून देतं. वर कुटाराचा म्हणजे मळणीनंतरच्या भुशाचा तीन बोटं थर द्या, सोयाबीनचं कुटार चालतं, खोडापासून चार बोटं लांब. उधई लागते म्हणून लोक भितात, ड्रम तीन विटांवर उचलून ठेवा, मंग बऱ्यापैकी टळते. आणि पावसाळ्यात झाडाचा ड्रम शेडखाली ठेवू नका, उघड्यावर राहू द्या, चार महिन्यांचा पाऊस वर्षभराचं मीठ खालून धुऊन काढतो. आपल्याला फुकटात मिळणारं हेच एक औषध आहे.

संत्रावाल्यांना आता प्रश्न पडला असेल की ताण द्यायचा का, म्हणजे फूल यावं म्हणून काही दिवस पाणी तोडायचं का, आंबिया-मृग बहारासारखं. मी दिला. दुसऱ्याच वर्षी, डिसेंबरात पंधरा दिवस पाणी बंद केलं, जसं बागेला करतो. फूल तर नाहीच आलं, पानं गेली. कोरड्या दिवसांनंतर भरपूर पाणी मिळालं की हे झाड फुलतं हे खरं आहे, पण संत्र्याची मुळं जमिनीत लांबवर पसरलेली असतात, ड्रममधल्या या झाडाकडं दोन दिवसाचीही शिल्लक नसते. आता मी जानेवारीत पाणी फक्त निम्मं करतो, ओल मोडू देत नाही, आणि मग फेब्रुवारीच्या सुरुवातीला तीन-चार दिवस लागोपाठ भरपूर पाणी. मोठ्या झाडाला त्यानं बहुतेक वेळा आठ-पंधरा दिवसात खोडावर पांढरी बुरशी आल्यासारखी फुलं दिसतात. घाबरून औषध मारू नका, ते फूलच आहे. तिथून महिनाभरात फळ.

किती वर्षात येईल, हे ज्याच्यावर अवलंबून आहे ते रोप घेतानाच ठरतं. सबारा जात बियांपासून असेल तर आठ-दहा वर्षं धरूनच चला, त्याहून जास्तही लागतात. लाल हायब्रीड म्हणतात ती चांगली जमली तर तीन ते पाच वर्षात येते. माझी दोन लाल हायब्रीड आहेत, एकीला चौथ्या वर्षी फळं लागली, अकरा. सबारा नवव्या वर्षात आहे आणि अजून एक फूल नाही. आमची आई म्हणते, "एवढ्या दिवसात तं पोराचं लगन झालं असतं." प्रदर्शनातले काही लोक दुसऱ्या वर्षी फळ म्हणून सांगतात, मीही एका स्टॉलवरून तसं कलम म्हणून घेतलं होतं, घरी येऊन बघतो तर कलमाचा सांधा कुठंच नाही, साधं बियांचं रोप आणि वर प्लास्टिकची पट्टी गुंडाळलेली. म्हणून पट्टी सोडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पानं लहान, लांबट, समोरासमोर जोडीनं, नवं पान मऊ लव असलेलं गुलाबी, थोड्या मोठ्या झाडाची साल पेरूसारखी पापुद्रे सुटणारी, हे जुळलं तर जबोटिकाबा. तुमचं रोप दोन फुटाचं आहे म्हणजे जात ओळखणं अवघड, लाल हायब्रीड असेल अशी आशा ठेवा.

बियांपासून करायचं असेल तर फळ खाल्लं की त्याच दिवशी बी लावा. वाळलेली बी उगवत नाही, ऑनलाइन पाकिटात मिळणाऱ्या बिया घेऊन पैसे घालवू नका. ताजी बी महिनाभरात निघते, आणि एका बीतून दोन-चार रोपंही निघतात, त्यातलं जाडजूड एक ठेवायचं.

रोग-किडीचा त्रास फार नाही. मिलीबग येतो, मुंग्या त्याला चढवतात, साबणाच्या पाण्याचा फवारा आणि मुंग्यांचा बंदोबस्त एवढ्यानं भागतं. खरा त्रास वांदरांचा. त्या अकरा फळांतली चार आम्ही खाल्ली, सात एका दुपारी गेली, सोबत एक फांदीही. फळ खोडाला चिकटलेलं असल्यामुळं एक फायदा आहे, अख्ख्या झाडावर जाळी टाकायची गरज नाही, खोडाभोवती आणि जाड फांद्यांना कोंबडीची जाळी गुंडाळून तारेनं बांधली की पुरतं. मी ती फूल गळून बारीक हिरवं फळ दिसलं की बांधतो. फळ पूर्ण काळं होऊन बोटानं दाबलं की किंचित नरम लागलं की काढायचं, लाल असताना काढलं तर पुढं पिकत नाही. साल दातानं फोडून गर ओढायचा, साल थुंकायची. पोरांना शिकवावं लागत नाही. उरलीच तर त्याच दिवशी सालीसकट उकळून गाळून घ्या, साखर घालून सरबत होतं, रंग कोकमासारखा येतो.

तर ताई, आधी मीटर आणि पीएचची पट्टी आणा, आज नेट बांधा, मृगापर्यंत ड्रम कापून भर तयार ठेवा. आणि गोठ्याच्या टिनाला पन्हाळ नसेल तर ती पाऊस लागायच्या आत लावून घ्या, नंतर मिस्त्री सापडत नाही.